एका रंगाच्या दोन मैना

आमच्या थोरल्या बंधूंचें कुटुंब गेल्या वर्षीं पूर्व आफ्रिकेचा प्रवास करून परत आलें, तेव्हां एका रविवारीं सायंकाळीं घरची सर्व मंडळी दिवाणखान्यांत जमली आणि पडद्यावर छायाचित्रें दाखविण्यास आरंभ झाला. सिंह झाले, हत्ती झाले, जिराफ झाले. सिंहाच्या वेळीं मुलें श्वास रोखून बसलीं होतीं. सातव्या हत्तीला वडील मंडळी जांभया देऊं लागली. इतक्यांत एका विश्रामगृहाच्या फराळाच्या मेजावर पावाचे कण टिपणारा एक लहानसा पक्षी पडद्यावर आला, आणि सर्वांच्या तोंडून एकदम "अहाहा!" असा उद्गार निघाला. डोकें काळें, पाठ मोरकंठी निळी, पोट तांबूस नारिंगी, आणि सारें अंग धूपछांव रेशमाप्रमाणें चमकणारें!

घरांत पक्ष्यांचें वेड असलेला मनुष्य म्हणून सर्वांच्या नजरा आमच्याकडे वळल्या. आम्हींही मोठ्या ऐटींत सांगितलें, "ही सुपर्ब स्टार्लिंग. आपल्या साळुंकीची आफ्रिकेंतली चुलत बहीण." पुढें तशाच पक्ष्याचीं आणखी चार छायाचित्रें आलीं, आणि प्रत्येकास आम्हीं तेंच नांव दिलें. चौथ्याच्या वेळीं मात्र आमच्या धाकट्या बंधूंची दहा वर्षांची मुलगी म्हणाली, "काका, ही ती नव्हे. हिच्या छातीवरचा पांढरा पट्टा कुठें आहे? आणि हिचा डोळा तर तांबडा आहे!" छायाचित्र मागें नेऊन पुन्हां पाहिलें. पोरीचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. आम्हीं जिला एक समजत होतों, त्या दोघी होत्या.

त्या दिवशींची आमची फजिती घरांत अद्याप आठवणीनें सांगितली जाते. परंतु त्या निमित्तानें या दोन मैनांचा जो परिचय आम्हांस करून घ्यावा लागला, तो इतका मनोरंजक निघाला कीं, तो वाचकांपुढें मांडावा असें वाटलें. आजकाल मसाईमारा व सेरेंगेटी येथें जाऊन येणारीं मराठी कुटुंबें थोडीं नाहींत. त्यांच्या छायाचित्रांच्या संग्रहांतही या दोघी एकाच नांवाखालीं नांदत असण्याचा पुष्कळ संभव आहे.

प्रथम नात्यागोत्याचें पाहूं. आपल्या अंगणांतील साळुंकी, डोक्यावर काळ्या पिसांचा भांग असलेली भांगपाडी मैना, आणि हिंवाळ्यांत थव्याथव्यांनीं येऊन ज्वारीच्या कणसांवर उतरणारी भोरडी, या सर्वांचें कुल एकच. याच कुलाची एक मोठी शाखा आफ्रिकेंत वाढलेली आहे. त्या शाखेंतील एका वंशास शास्त्रज्ञांनीं 'लँप्रोटॉर्निस' असें नांव दिलें असून त्याचा अर्थ 'चकाकणारा पक्षी' असा होतो. आमच्या दोन्ही मैना या वंशांतल्या. जुन्या पुस्तकांत त्या 'स्प्रिओ' नांवाच्या निराळ्या वंशांत घातलेल्या आढळतील. पैकीं पहिलीचें शास्त्रीय वर्णन फ्रँकफुर्टचे एडुआर्ट र्‍युपेल यांनीं १८४५ सालीं केलें. तिच्या शास्त्रीय नांवांतील 'सुपर्बस' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'ऐटदार', आणि तो तिला साजतोही. दुसरीचें वर्णन जर्मन पंडित काबानिस यांनीं १८७८ सालीं केलें, आणि तिला योहान हिल्डेब्रांट या जर्मन संग्राहकाचें नांव दिलें. पूर्व आफ्रिकेंत वनस्पती व प्राणी गोळा करीत हिंडणारा हा मनुष्य १८८१ सालीं मादागास्कर बेटावर तरुण वयांतच मरण पावला.

आपल्या भाषेंत या दोघींस रूढ नांवें नाहींत. ज्या देशांत त्या नाहींत, त्या देशाच्या भाषेनें त्यांना नांव कां द्यावें? परंतु या लेखापुरती सोय म्हणून पहिलीस आम्ही श्वेतमेखला म्हणूं व दुसरीस रक्ताक्षी म्हणूं. नांवांतच दोघींच्या मुख्य खुणा आल्या.

दोघींची लांबी सुमारें १८ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या साळुंकीहून थोडी कमी. दोघीही जमिनीवर तुरुतुरु चालून किडे, बिया व फळें वेंचतात, आणि पुष्कळदां एकाच गवतावर एकमेकींत मिसळून चरतात. दोघींची पाठ व पंख निळे-हिरवे चकाकतात, दोघींचें पोट तांबूस. तेव्हां घाईनें पाहणाऱ्याची फसगत झाल्यास नवल नाहीं.

या चकाकीविषयीं येथेंच दोन शब्द सांगितले पाहिजेत. पोटाचा तांबूस रंग हा पिसांतील रंगद्रव्याचा रंग आहे. पाठीचा निळा मात्र तसा नव्हे. निळें पीस कुटून त्याची पूड केली, तर तिच्यांत निळें कांहींच उरणार नाहीं! पाण्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगास किंवा साबणाच्या फुग्यास ज्याप्रमाणें स्वतःचा रंग नसतां त्यावर इंद्रधनुष्य खेळतें, त्याचप्रमाणें हा प्रकार आहे. पिसाच्या सूक्ष्म तंतूंत मेलॅनिन नांवाच्या काळसर द्रव्याचे कण थराथरांनीं रचलेले असतात. त्या थरांवरून प्रकाश परतत असतां कांहीं रंगांचे किरण परस्परांस बळ देतात, कांहीं परस्परांस मारतात; आणि पक्ष्यानें अंग वळविलें कीं रंगही पालटतो. पुष्कळ पक्ष्यांत हे कण भरीव काडीसारखे असतात. आफ्रिकेच्या या मैनांत मात्र कांहींचे कण चपटे, कांहींचे पोकळ, तर कांहींचे चपटे व पोकळ असे दोन्ही झालेले आहेत. माया, रुबेन्स्टाइन व शॉकी या तीन संशोधकांनीं २०१३ सालीं असें दाखविलें कीं, ज्या शाखांत कणांचीं हीं नवीं रूपें आलीं, त्या शाखांत रंग अधिक प्रकारचे व अधिक तेजस्वी झाले, आणि नव्या जातीही अधिक वेगानें निपजल्या. एका पिसांतील, डोळ्यांस कधींही न दिसणाऱ्या कणाची घडण बदलावी आणि त्यायोगें एक सबंध घराणें फोफावावें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आतां दोघींतील भेद सांगतों. श्वेतमेखलेचा डोळा फिकट, जवळजवळ सायीच्या रंगाचा असतो. काळ्या डोक्यांत तो इतका उठून दिसतो कीं पक्षी सदा आश्चर्यानें पाहत आहे असें वाटावें. रक्ताक्षीचा डोळा नारिंगी-तांबडा. श्वेतमेखलेच्या निळ्या छातीच्या खालीं पांढरी शुभ्र रेघ आडवी जाते, आणि त्या रेघेखालीं एकसारखें गडद तांबूस पोट लागतें. रक्ताक्षीस ही पांढरी रेघ मुळींच नाहीं. तिच्या पोटावर मात्र दोन छटा दिसतात: छातीलगत फिकी बदामी व खालीं गडद तांबूस. आवाजांतही फरक आहे. श्वेतमेखला मोठमोठ्यानें व लांबलचक बडबड करते, तर रक्ताक्षीचें गाणें खालच्या पट्टींतलें व संथ असतें.

एवढ्यावर आमचा लेख संपवितां आला असता. परंतु येथें एक अडचण आहे, आणि तीच खरी परीक्षा होय. घरट्यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिलांचे डोळे दोन्ही जातींत गडद असतात, आणि श्वेतमेखलेच्या पिलाच्या छातीवरची पांढरी रेघ अगदीं पुसट असते किंवा नसतेच. म्हणजे ज्या दोन खुणांवर आम्हीं दोघींचीं नांवें बेतलीं, त्या दोन्ही खुणा पिलांच्या बाबतींत निकामी ठरतात. अशा वेळीं पाहणाऱ्यानें शेंपटीच्या खालीं पाहावें. श्वेतमेखलेच्या शेंपटीखालचीं पिसें पांढरीं असतात, रक्ताक्षीचीं तांबूस. मोठा पक्षी उडत असेल तर पंखांच्या आंतल्या अंगाकडे पाहावें. तेंही श्वेतमेखलेचें पांढरें व रक्ताक्षीचें तांबूस. जी खूण प्रथम डोळ्यांत भरते ती सदैव विश्वासाची असते असें नाहीं. आणि जी विश्वासाची असते ती पुष्कळदां शेंपटीखालीं किंवा पंखांच्या आड असते. ती पाहावयाची म्हणजे थोडें थांबावें लागतें, आणि पक्षी वळेपर्यंत धीर धरावा लागतो.

दोघींच्या वस्तींत व घरांतही असाच भेद आहे. श्वेतमेखलेचें राज्य मोठें. इथिओपिया व सोमालियापासून केनिया, युगांडा व दक्षिण सुदान धरून टांझानियापर्यंत ती आढळते. रक्ताक्षीचा मुलूख त्या मानानें लहान, म्हणजे केनियाचा दक्षिणेकडील भाग व टांझानिया. रक्ताक्षी झाडाच्या ढोलींत किंवा एखाद्या पोकळ खांबांत आयतें घर पाहून पिलें वाढविते. श्वेतमेखला ढोलीचा उपयोग करीत नाहीं असें नाहीं, परंतु बहुधा ती बाभळीच्या जातीच्या कांटेरी झाडांत गवताकाड्यांचें मोठें, अस्ताव्यस्त, वरून झांकलेलें घरटें बांधते. असें घरटें दुरूनही दिसतें, तेव्हां शत्रूही पुष्कळ असतात. आणि येथूनच श्वेतमेखलेच्या संसाराची खरी कथा सुरू होते.

केनियांतील लायकिपिया या उंच पठारी प्रदेशांत म्पाला नांवाचें एक संशोधनकेंद्र आहे. तेथें डस्टिन रुबेन्स्टाइन हे अमेरिकन शास्त्रज्ञ व त्यांचे सहकारी श्वेतमेखलेचा वर्षानुवर्षें अभ्यास करीत आले आहेत. पक्ष्यांच्या पायांत रंगीत वळीं घालावयाचीं, म्हणजे प्रत्येक पक्षी दुरून ओळखतां येतो. त्याच्या रक्ताच्या थेंबावरून कोण कोणाचें हें ठरवावयाचें. आणि मग प्रत्येक मोसमांत घरट्यांसमोर बसून कोणी किती वेळां घांस आणला याची नोंद ठेवावयाची, असा हा उद्योग. आमच्या घरांत हिशेबाची वही ठेवणाऱ्या वडिलांनाही हेवा वाटावा अशी ही चिकाटी आहे.

या नोंदींवरून काय दिसलें? श्वेतमेखलेचें कुटुंब एकत्र असतें. एका कुटुंबांत कधीं दहाबारा पक्षी, तर कधीं त्यांच्या तिप्पट-चौपट. त्यांत एकाच वेळीं एकाहून अधिक जोड्या अंडीं घालतात. उरलेल्यांपैकीं कित्येक पक्षी स्वतः अंडीं न घालतां दुसऱ्यांच्या पिलांस घांस भरवितात आणि घरट्यावर आलेल्या शत्रूस हुसकावून लावतात. सर्व पक्षी रक्ताच्या नात्याचे असतात असेंही नाहीं. बाहेरून आलेले नर व माद्या दोन्ही कुटुंबांत सामावून घेतलेल्या असतात.

मग हें एकत्र राहणें कशासाठीं? लायकिपियांत वर्षांतून दोन वेळां पाऊस येतो; परंतु तो येईलच, पुरेसा येईल, वेळेवर येईल, याची शाश्वती नसते. एका वर्षीं किड्यांचा सुकाळ, दुसऱ्या वर्षीं दुष्काळ. रुबेन्स्टाइन व लव्हेट यांनीं २००७ सालीं आफ्रिकेंतील ४५ जातींच्या मैनांची तुलना केली. तींत असें आढळलें कीं, जेथें पावसाचा भरंवसा नाहीं अशा माळरानांतील जातींत ही मिळून पिलें वाढविण्याची रीत अधिक दिसते. चांगल्या वर्षीं एकट्या जोडीचें कसेंही भागेल. वाईट वर्षीं चार मदतनीस असले तर निदान कांहीं पिलें जगतात. एकत्र कुटुंब ही त्यांची दुष्काळासाठीं राखून ठेवलेली पेव आहे, असें म्हटलें तरी चालेल.

परंतु याहून नवी गोष्ट २०२५ च्या मे महिन्यांत 'नेचर' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. २००२ पासून २०२१ पर्यंतच्या २० वर्षांतील ४० मोसमांच्या नोंदी एकत्र करून संशोधकांनीं पाहिलें कीं, मदत करणारे पक्षी आपल्या नातलगांस प्रथम मदत करतात हें खरें. पण रक्ताचें कांहींही नातें नसलेल्यांसही ते वारंवार मदत करतात, आणि तीही नातलग जवळ असतांना! याचें कारण काय, तें दोनचार मोसमांत कळण्यासारखें नव्हतें. वीस वर्षांच्या वहींत तें दिसलें. आज जो पक्षी दुसऱ्याच्या पिलांस घांस नेत आहे, तोच पुढें केव्हां तरी स्वतः आईबाप होतो. आणि तेव्हां ज्याच्या पिलांस त्यानें भरविलें होतें, तो पक्षी याच्या घरट्याशीं मदतीस येतो. मदत घेणारा व मदत देणारा यांच्या भूमिका आयुष्यभर अदलाबदलीनें चालतात. रोजच्या पाहणाऱ्यास यांतलें कांहींच दिसत नाहीं. त्याला एवढेंच दिसतें कीं, कोणी राबतो आहे व कोणी फायदा घेतो आहे.

वाचकभगिनींस विशेष रुचेल अशी आणखी एक गोष्ट सांगतों. मोराची लांडोर जशी साधी असते, तशी श्वेतमेखलेची मादी नसते. नर व मादी पिसाऱ्यावरून ओळखूंच येत नाहींत. रुबेन्स्टाइन व लव्हेट यांनींच २००९ सालीं दाखविलें कीं, ज्या जाती मिळून पिलें वाढवितात, त्यांत नर व मादी यांच्या रूपांत व आकारांत अंतर कमी असतें. कारण असें कीं, अशा मोठ्या कुटुंबांत अंडीं घालण्याची संधि प्रत्येकीस मिळतेच असें नाहीं. तिच्यासाठीं माद्यांनाही आपसांत चढाओढ करावी लागते, आणि मग नराइतकेंच मादीसही तेजस्वी असावें लागतें. म्हणजे हें एकत्र कुटुंब केवळ गोडीगुलाबीचें नाहीं. त्यांत स्पर्धा आहे, वाट पाहणें आहे, आणि कोणाची पाळी कधीं येईल ही काळजीही आहे.

या पक्ष्यांचा उपयोग शेजाऱ्यांनाही होतो. केनियांतील अंबोसेली येथें डोरोथी चेनी व रॉबर्ट सेफार्थ या दांपत्यानें वेर्व्हेट जातीच्या वानरांचा दीर्घकाल अभ्यास केला. त्यांना आढळलें कीं, श्वेतमेखला आकाशांतून येणाऱ्या ससाण्यासाठीं एक हांक देते आणि जमिनीवरून येणाऱ्या शत्रूसाठीं दुसरी. आणि वानरांना या दोन्ही हांकांचा अर्थ कळतो! ध्वनिमुद्रित करून त्या हांका ऐकविल्या, तेव्हां एकीनें वानरें वर आकाशाकडे पाहूं लागलीं, व दुसरीनें झाडांकडे पळालीं. दोन भिन्न जातींच्या हांका आपणां माणसांस एकसारख्याच वाटतात. पण ज्याचा जीव त्यावर अवलंबून आहे, तो भेद ओळखावयास शिकतो.

हें सर्व वाचून घरांतील वडील मंडळी म्हणतील, "पाहा, पक्षीदेखील एकत्र कुटुंबांत राहतात!" आणि तरुण मंडळी म्हणतील, "पाहा, तेथेंही एकाच्या वांट्यास संसार आणि दुसऱ्याच्या वांट्यास राबणें!" आमच्या घरीं हा वाद झालाच. आमचें मत विचाराल तर, पक्ष्यांकडून माणसांच्या तंट्यांत वकीलपत्र घेऊं नये. श्वेतमेखला एकत्र राहते ती कोणा शास्त्रकारानें सांगितलें म्हणून नव्हे, तर पाऊस लहरी आहे म्हणून. आणि तिचें तें राहणें टिकतें तें केवळ रक्ताच्या नात्यावर नव्हे, तर आज केलेली मदत पुढें केव्हां तरी परत मिळते म्हणून. ही दुसरी गोष्ट मात्र कोणत्याही घरांत मनाशीं ठेवण्यास हरकत नाहीं. ज्या घरांत एकच माणूस वर्षानुवर्षें घांस नेत राहतो आणि त्याची पाळी कधींच येत नाहीं, त्या घरास या मैनांचा दाखला देतां येणार नाहीं.

आणि तो दाखला रक्ताक्षीच्या नांवावरही घालूं नये. हा सर्व हिशेब श्वेतमेखलेच्या पायांत वळीं घालून मांडलेला आहे. दोघी एकाच गवतावर चरतात एवढ्यावरून एकीची कथा दुसरीस लावणें म्हणजे आमचीच त्या रविवारची चूक पुन्हां करणें होय. आपल्या घरांतूनही अशी चूक थोडी का होते? दोन जावा एका वयाच्या, एका घरांत वावरणाऱ्या. त्यांतील एकीचा स्वभाव पाहून दुसरीचाही तसाच ठरविला जातो. दोन भावंडें तोंडवळ्यानें सारखीं. मोठ्यास गणित येत नाहीं म्हणून धाकट्यासही येणार नाहीं, असें पहिल्याच दिवशीं बोललें जातें. त्यांच्या डोळ्यांकडे कोणी पाहिलेलें नसतें.

आमच्या बंधूंनीं त्या छायाचित्रांचा संग्रह आतां छापून घेतला आहे. चौथ्या छायाचित्राखालीं नांव लिहिण्याचें काम पुतणीनें आपणाकडे मागून घेतलें. तिनें तेथें सुंदर अक्षरांत 'हिल्डेब्रांटची मैना' असें लिहिलें आहे, आणि त्याखालीं बारीक अक्षरांत, आमच्यासाठीं, एक सूचना केली आहे: "शेंपटीखालीं पाहावें."